पांढऱ्या रश्शाची पुरचुंडी: पाच रविवारांची नोंद

मापं पाचही वेळा तीच ठेवली. एक किलो मटण, अडीच लिटर पाणी, आलं-लसणाचं वाटण, मीठ, जाड बुडाचं पातेलं, मंद आच. अळणीत, म्हणजे मटण शिजलेल्या पाण्यात, हळद नाही. बदल फक्त पुरचुंडीत, म्हणजे चव कशानं फिरली ते कळतं.

पहिल्या रविवारी कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईतून कोथिंबिरीची जुडी आणली आणि तमालपत्राबरोबर अख्खी बांधून पातेल्यात सोडली. फ्रेंच स्वयंपाकात पार्सली, थाईम आणि बे लीफ अशीच दोऱ्यानं बांधतात, बुके गार्नी म्हणतात त्याला. पण त्यांचं बे लीफ वेगळ्या झाडाचं. आपलं तमालपत्र दालचिनीच्या कुळातलं, उभ्या तीन शिरांचं, वासही दालचिनी-लवंगेकडं झुकणारा. त्यामुळं तिकडची मापं इथं चालत नाहीत. माझी कोथिंबिरीची पानं तर तासाभरात विरघळली आणि अळणीवर हिरवट साय धरली.

दुसऱ्या वेळी पानं खुडून चटणीला ठेवली. फक्त देठ आणि मुळं. मुळं नीट घासून धुवा, माती राहिली तर तळाशी कचकच येते. दोरा हारवाल्याकडचा पांढरा सुती. शिलाईच्या रंगीत दोऱ्याचा रंग उतरू शकतो. दुसरं टोक पातेल्याच्या कडीला बांधलं. अळणी स्वच्छ निघाली, आणि मटणाच्या वासामागं कोथिंबिरीचा ओलसर गोडवा. ही मला या सगळ्यातली सर्वात मोठी कमाई वाटते.

तिसऱ्या रविवारी त्याच्या जोडीला मलमलच्या फडक्यात सहा लवंगा, दोन इंच दालचिनी, चार वेलदोडे, दहा मिरे आणि चिमूटभर दगडफूल. दोन्ही पुरचुंड्या सुरुवातीपासून, दोन तास. लवंगेनं बाकी सगळ्यांना दाबून टाकलं, जीभ बधीर झाली. रंगही मळकट. आईनं वाटी उजेडात धरली. "ह्यो पांढरा म्हणायचा व्हय रं?" म्हणाली आणि नुसतं मटण वाढून घेतलं.

चौथ्या वेळी वेळा वेगळ्या केल्या. देठांची जुडी पहिल्यापासून. मसाल्याची पुरचुंडी मटण शिजत आल्यावर, शेवटची पंचवीस मिनिटं. लवंगा तीनच, दगडफूल बाद. सगळं जमलं होतं, पण बाहेर काढताना मी पुरचुंडी चमच्यानं दाबली. तेवढ्या तपकिरी पाण्यानं रंग पुन्हा मळला, घशाशी कडवटपणाही आला. पुरचुंडी पिळायची नाही. उचलायची, निथळू द्यायची, बाजूला ठेवायची.

काल पाचवा रविवार. दोन्ही पुरचुंड्या काढल्यावरच काजू-खसखस-तिळाचं वाटण घातलं, दहा मिनिटं उकळलं, मग आच अगदी बारीक करून नारळाचं दूध. त्यानंतर उकळी येऊ दिली नाही, नाहीतर दूध फाटतं. रस्सा दुधासारखा पांढरा, दाताखाली एकही लवंग नाही, आणि वास मात्र पुरेपूर. आईनं दोन वाट्या प्यायल्या, तिसरी शेजारच्या काकूंना पाठवली.

गवती चहाची एक काडीही मधे देठांच्या जुडीत बांधून पाहिली होती. रश्शात तिचं जमत नाही, मटणावर स्वार होते. पुढच्या रविवारी अख्खा मसूर: कोथिंबिरीची मुळं, तमालपत्र आणि लसणाची अख्खी गड्डी एकाच फडक्यात. मसूर शिजायला वेळ कमी, तेव्हा मुळं आधी ठेचून घ्यावीत असं वाटतंय.