गाडी मागे कुठे संपते?

गाडीची लांबी चालवणाऱ्याला कधी दिसतच नाही. समोर काच, काचेपलीकडे रस्ता, हातात स्टिअरिंग. पाठीमागे किती पत्रा आहे याचा नुसता अंदाज. स्मार्ट फोरटू नावाची दोन माणसांची गाडी चालवून बघितली तेव्हा हे पहिल्यांदा नीट लक्षात आलं.

स्वॉच घड्याळवाले निकोलस हायेक यांच्या डोक्यातून निघालेली आणि मर्सिडीजवाल्यांनी तडीस नेलेली ही गाडी 1998 साली रस्त्यावर आली. लांबी अडीच मीटर, म्हणजे पलंगाहून जेमतेम हातभर जास्त. मी चालवली ती याच पहिल्या पिढीतली, आधी कोणीतरी वापरलेली. विकणारा शेजारी बसला, पण त्याचा आवाज येत होता माझ्या खांद्याच्या मागून. शेजारची सीट मुद्दाम थोडी मागे सरकवलेली असते, दोघांचे खांदे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून. इतक्याशा गाडीत दोन धडधाकट माणसं अंग न चोरता बसतात, त्यातली निम्मी करामत ही.

किल्ली स्टिअरिंगपाशी नाही. ती दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याजवळ लावायची. हात सवयीने जुन्या जागी जातो आणि हवेत चाचपडत राहतो. विकणारा काही बोलला नाही. गिऱ्हाइकांचा हा खेळ त्याने बराच बघितला असावा. क्लचचं पेडल नाही, गिअर गाडीच बदलते, आणि बदलताना घाई अजिबात करत नाही. एक गिअर सुटला, दुसरा अजून पडायचाय, तेवढ्यात आतली दोन्ही डोकी पुढे डुलतात. त्या काळी या गाडीवर लिहिणाऱ्या बऱ्याच जणांनी या डुलण्यावर नाकं मुरडली होती. मला त्यात गंमत वाटली. तिने गिअर बदलायचं मनात आणलंय हे आवाजावरून ओळखायचं आणि तेवढ्यापुरता पाय जरा उचलायचा. मग डोकं जागेवर राहतं. संसारात लागतो तेवढाच समजूतदारपणा, जास्त नाही.

एकदा रस्त्याला लागल्यावर मात्र गाडी लहान आहे हे साफ विसरायला होतं. बसायची जागा उंच, डोक्यावर भरपूर मोकळं, दार तर चांगलं लांबरुंद. पायांपुढे इंजिन नाही. 599 सीसीचं तीन सिलिंडरचं ते इंजिन डिकीच्या तळाखाली, मागच्या चाकांपाशी दडलेलं. त्यामुळे नाक आखूड ठेवूनही पाय पसरायला जागा उरते. आठवण करून देतो तो फक्त खड्डा. पुढच्या चाकांचा दणका अंगात जिरायच्या आत मागची चाकं तिथे पोचलेली असतात.

मग गाडी मागे घ्यायची वेळ आली. मान वळवली, आणि मागची काच अगदी पाठीशी. हात लांब केला असता तर बोट लागलं असतं. तिच्यापलीकडे थेट रस्ता! गाडी संपली होती. इतका वेळ ज्या उरलेल्या गाडीचा मनात हिशोब ठेवून मी वळणं घेत होतो, ती मुळात नव्हतीच.

बाकी सगळ्यांना ती लहान दिसत होतीच. सिग्नलला शेजारी थांबलेली माणसं हसतात. हसणं कुत्सित नसतं, रांगणाऱ्या बाळाकडे बघून येतं तसलं. महागड्या गाडीकडे लोक इतक्या प्रेमाने बघत नाहीत.

लहान गाडी म्हणजे मोठीला कात्री लावलेली, हे मला पटत नाही. चांगल्या लहान गाडीत कुणीतरी डोकं चालवून एखादी गोष्ट भलत्याच जागी नेलेली असते. सुवेझ कालव्याच्या संकटामुळे पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा अ‍ॅलेक इसिगोनिस या ब्रिटिश इंजिनिअरने इंजिन आडवं बसवलं आणि 1959 ची मिनी तीन मीटरच्या आसपास आटोपली, तीही चार माणसांसकट. इझेटा नावाच्या जुन्या चिमुकल्या गाडीला तर दार समोर. दार उघडलं की स्टिअरिंगही त्याच्याबरोबर बाजूला होतं. सिट्रोएन या फ्रेंच कंपनीच्या आमी या अलीकडच्या गाडीला दोन्ही बाजूंना हुबेहूब एकच दार, त्यामुळे एक पुढे उघडतं आणि दुसरं मागे. आणि ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावर 1962 साली निघालेली पील पी50! लांबी 137 सेंटीमीटर, चाकं तीन, बसणारा एक. रिव्हर्स गिअर नाहीच. मागे जायचं असेल तर खाली उतरायचं, पाठीमागची मूठ धरून गाडी उचलायची आणि फिरवायची. रिव्हर्स गिअरचं वजन वाचवायचा इतका सरळ उपाय दुसरा नसेल.

पण गाड्याही वयाबरोबर अंगाने सुटतात. आजची मिनी पावणेचार मीटरच्या पुढे गेली आहे. फोरटूचं उत्पादन 2024 साली थांबलं, आणि स्मार्ट याच नावाने आता सव्वाचार मीटरची इलेक्ट्रिक गाडी विकली जाते. तिच्याबद्दल वाईट बोलायचं कारण नाही, चांगली असेलही. पण तशा गाड्यांना काय तोटा आहे?

परत आल्यावर विकणाऱ्याने विचारलं, "घरी माणसं किती?"

"पाच."

"मग ही कशी काय?"

"पाचही जण एकदम जातात कुठे? रोज मी एकटाच तर असतो गाडीत."

"सगळे हेच म्हणतात," तो किल्ली खिशात टाकत म्हणाला, "आणि मग मोठी घेतात."