मध्यरात्रीचं नागपूर, एरंडवण्यातल्या गॅरेजमध्ये

आमचे आजोबा नागपूरला टपाल खात्यात सॉर्टर होते. रात्रपाळी असली की सायकलवरून सोनेगावच्या विमानतळावर जायचे, एवढंच आम्हा नातवंडांना माहीत. पत्रं निवडणाऱ्या माणसाचं अर्ध्या रात्री विमानतळावर काय काम, हे विचारायचं कधी सुचलं नाही. गेल्या रविवारी त्याचं उत्तर पुण्यात मिळालं, एरंडवण्यातल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये.

हे गॅरेज म्हणजे जुन्या प्रवासी विमानांचं संग्रहालय आहे. पाटी नाही, तिकीट नाही. ओळखीतून फोन करून जायचं. ज्यांचं आहे ते गृहस्थ विमानांच्या देखभालीत उभा जन्म घालवलेले इंजिनिअर. वय ऐंशीच्या पुढे. आपलं नाव कुठे लिहू नका म्हणाले, म्हणून नुसतं काका म्हणते.

भिंतीवर एअर इंडियाच्या महाराजाची चित्रं, काचेच्या कपाटात लाल कार्बनची तिकिटं, घड्या पडून फाटायला आलेली वेळापत्रकं. हे सगळं मी भरभर पाहिलं, कारण काका आधीच मधल्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले होते. टेबलावर डाकोटा या जुन्या प्रवासी विमानाच्या इंजिनाचा एक सिलिंडर होता. हात लावून बघा, म्हणाले. थंडगार, आणि अजून तेलकट.

"असे चौदा, गोलाकार बसवलेले. प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. एका विमानाला दोन इंजिनं, म्हणजे किती झाले?" छप्पन्न. विमान उभं असलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच स्टार्टर मारला तर तेल दाबलं जात नाही, आत काहीतरी वाकतं किंवा मोडतं. म्हणून आधी पंख्याचं एकेक पातं हाताने ओढून इंजिन फिरवून घ्यायचं. काकांनी दोन्ही हात वर करून ते ओढणं दाखवलं. पाय कुठे रोवायचा, पातं सोडून मागे कधी व्हायचं, सगळं. या वयातही त्यांचे खांदे ते विसरलेले नाहीत.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराला नको झालेली डाकोटा विमानं स्वस्तात विकायला निघाली, आणि आपल्याकडे विमान कंपन्यांचं पीकच आलं. १९५३ साली राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन उभं राहिलं. डाकोटाचं शेपूट जमिनीला टेकलेलं, त्यामुळे दारातून आत शिरलं की चढ चढत आपल्या जागेवर जायचं. आत हवेचा दाब राखायची सोय नव्हती; कानांना दडे बसू नयेत म्हणून कापूस आणि पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचे. ती गोळ्यांची पितळी तबकडीसुद्धा काकांनी जपली आहे.

मग त्यांनी हाताने काढलेला एक नकाशा दाखवला. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार कोपऱ्यांतून चार रेघा निघून नागपूरला एकत्र आलेल्या. १९४९ साली सुरू झालेली रात्रीची हवाई डाक. चार शहरांतून रात्री चार विमानं निघायची, मध्यरात्रीनंतर नागपूरला भेटायची, आपापसांत टपालाच्या थैल्या आणि उतारू बदलून घ्यायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. त्याच वर्षी एप्रिलपासून साध्या पत्रांनाही जादा आकार न घेता विमानाने नेऊ लागले. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला.

मी त्या नागपूरच्या टिंबावर बोट ठेवून उभी राहिले. आजोबांची रात्रपाळी ती ही.

भारतातली हवाई वाहतूक टपालाच्याच पाठीवर बसून आली, हे शाळेत शिकले होते. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा पस मॉथ नावाचं छोटं विमान घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पत्रांच्या थैल्या घेऊन. त्या दिवसाचं नाव निघतं, फोटो छापतात, आणि ते रास्तच आहे. पण नागपूरला रोज रात्री थैल्या उचलणाऱ्या, थंडीत कुडकुडत शिक्के तपासणाऱ्या माणसांचा एकही फोटो काकांना इतक्या वर्षांत मिळालेला नाही. हे सांगताना त्यांचा आवाज उतरला.

मी आजोबांबद्दल सांगितलं. काका खुर्चीत सरसावून बसले. "तुमचे वडील आहेत? लावा फोन."

बाबांना लावला. स्पीकरवर सुरुवातीला "नमस्कार, नमस्कार" झालं. मग काकांनी फोन माझ्या हातातून घेतलाच. बाबा लहानपणी दोनदा आजोबांच्या सायकलवर बसून सोनेगावला गेले होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं. काकांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"हं, सांगा. पहिलं कुठलं उतरायचं? मद्रासचं की दिल्लीचं?"