डोंबिवली ते नरीमन पॉइंट, पांढरी सहामार्गे

"ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत असतो तो?" बाबांचा पहिला प्रश्न.

मी त्यांना फोनवर सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या फेब्रुवारीच्या मैफलींची यादी दाखवत होते. २००६ साली उभा राहिलेला हा वाद्यवृंद. त्याचे वर्षातून दोन हंगाम असतात, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरात, नरीमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात. बाबा आयुष्यभर पेटी वाजवत आले, नाट्यसंगीतापलीकडे फारसे जात नाहीत. पण यादीत पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि सोबत सगळा वाद्यवृंद अशी रचना, दिसला आणि "ती पण पेटीच, जरा मोठी," या मुद्द्यावर ते तयार झाले.

तिकिटांत मी पहिली माती खाल्ली. सदस्यांसाठी बुकिंग आधी खुलं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. आमची पाळी येईपर्यंत खालच्या स्वस्त जागा संपलेल्या. मिळाली बाल्कनी, डावीकडची. नंतर कळलं की हे नशीबच. पियानोवाला आपल्याला आडवा बसतो, त्याची बोटं दिसतात ती डाव्या बाजूनेच. आणि पुढच्या रांगेतून समोरची व्हायोलिनं तेवढी दिसतात, मागची फुंकवाद्यं त्यांच्याआड जातात. नाटकाला पहिल्या रांगेसाठी भांडायची सवय इथे उपयोगाची नाही.

रविवार, म्हणजे मेगाब्लॉक. सातच्या मैफलीसाठी चारलाच निघालो, कारण उशीर झाला तर दार बंद होतं आणि मधल्या विरामापर्यंत बाहेर थांबावं लागतं. (बाबांचा आग्रह कोटाचा होता, मी जाकिटावर भागवलं. तिथे लोक कुर्त्यात होते, जीन्समध्येही.) सीएसएमटीहून टॅक्सीने वेळेत पोचलो आणि मी बाबांना घेऊन रुबाबात टाटा थिएटरच्या दाराशी उभी. तिकिटावर जमशेद भाभा थिएटर. एकाच आवारात पाच नाट्यगृहं आहेत, तिकीट नीट वाचा! रखवालदाराने हसत वाट दाखवली. आतला संगमरवरी जिना पेटिट हॉल नावाच्या जुन्या वाड्यातून आणलेला. बाबा त्यावर दोनदा थांबले, एकदा कौतुकाने, एकदा गुडघ्यासाठी.

जागेवर बसल्यावर म्हणाले, "माइक कुठायत?" माइक नव्हतेच. मग ओबोने, म्हणजे सनईसारख्या एका फुंकवाद्याने, एक लांब सूर धरला आणि सगळा ताफा त्यात आपापली वाद्यं मिळवू लागला. बाबा ताठ बसले. "पांढरी सहा," माझ्या कानात म्हणाले, म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी. खरंच, जगभर हे लोक त्याच सुराला जुळवून घेतात. आपल्याकडे गायक बदलला की षड्ज बदलतो, पेटीवाल्याला काळी एक, काळी दोन विचारत बसावं लागतं. इथे तो प्रश्नच नाही, याचा त्यांना हेवा वाटला असावा.

पहिला भाग संपला आणि बाबांचे हात वर गेले. मी धरले. कॉन्चेर्टोचे तीन भाग, टाळ्या तिसऱ्यानंतर. मधल्या शांततेत फक्त खोकले. दाबून ठेवलेले सगळे एकदम, पावसाळी शाळेसारखे. दुसऱ्या, संथ भागानंतर मात्र बाबांच्या तोंडून "वाह" निघालंच. पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. रागावलेल्या नव्हत्या, निदान मला तरी वाटल्या नाहीत.

परतीच्या फास्ट लोकलमध्ये भायखळ्यापर्यंत गप्प. मग म्हणाले, "हात का धरलेस?"

"अहो बाबा, विलंबित संपून द्रुत सुरू होताना आपण तरी टाळ्या वाजवतो का?"

"नाही वाजवत. पण दाद देतो ना! तो बिचारा तिथे एवढं वाजवतोय आणि लोक खोकतायत."

ठाण्याला जागा मिळाली. बसल्या बसल्या त्यांनी सप्टेंबरच्या सदस्यत्वाचं विचारलं.