आमची वाटचाल : सातपूरच्या शेडमधला लाँगबो

फोन उचलला की अर्ध्या लोकांचा पहिला प्रश्न एकच असतो, "दादा, शिकारीचं धनुष्य मिळेल का?" म्हणून तिथूनच सुरुवात करतो. आम्ही जो लाँगबो, म्हणजे साधं लांब धनुष्य, बनवतो तो शिकारीच्याच घराण्यातला आहे, ४५ पौंडाचा (म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारा) आमचा बो बाहेरच्या देशात हरणाच्या शिकारीला लोक वापरू शकतात, पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ती बंदी मला मनापासून पटते. शेतात रानडुकरं घुसतात म्हणूनपण फोन येतात, त्या शेतकऱ्याचा त्रास खराच असतो, पण त्यालाही वनखात्याची परवानगी लागते, धनुष्य घेऊन रात्री शेतात बसायचं नसतं. मी सरळ नाही म्हणतो.

मी मूळचा पॅटर्नमेकर. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठीचे नमुने, करून द्यायचो, पटाशी, रंधा, मरफा (लाकूड घासायची खरबरीत कानस) हेच आयुष्य. मग पॅटर्न सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या मशीनवर, निघायला लागले आणि माझ्याकडचं काम वर्षावर्षाला आटत गेलं, शेडचं भाडं मात्र आटत नव्हतं. त्याच काळात माझा मुलगा शाळेतून इंडियन राउंड खेळायला लागला होता, म्हणजे साधं बांबूचं धनुष्य, ३० आणि ५० मीटरवर नेम. एक दिवस त्याचं धनुष्य मुठीच्या वर चिरलं, सिलेक्शन चार दिवसांवर, नवीन लगेच मिळेना. मी ते शेडमध्ये नेलं, चिरलेली जागा बघत बसलो, आणि लक्षात आलं की बनवणाऱ्याने बांबूची साल रंध्याने साफ करून टाकलीय. दिसायला गुळगुळीत. पण बांबूची सगळी ताकद त्या बाहेरच्या सालीजवळच्या धाग्यांत असते, तीच काढली तर राहिलं काय? त्या रात्री मी पहिलं धनुष्य केलं. मुलगा त्यावर खेळला. सिलेक्शन नाही झालं, पण त्याच्या सरांनी मला अजून सहा करायला सांगितले.

खरं शिक्षण त्यानंतर झालं. मुलाच्या वर्गातला एक भिल्ल समाजाचा मुलगा होता, त्याचे आजोबा कळवणच्या बाजूला राहायचे, त्यांच्याकडे जाऊन दोन दिवस राहिलो. आजोबांच्या झोपडीत कुडाला तिरकमठा टांगलेला, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची, सुताचा एक धागा नाही. मी म्हटलं आजोबा, एकदा ओढून दाखवा. त्यांनी दोन बोटांनी ओढलं, अंगठा बाजूला. "आमी आंगठा नाय लावत," एवढंच बोलले, आणि एकलव्याचं नाव त्यांनी घ्यायची गरजच नव्हती. पुढे मी वाचलं की इंग्लिश लाँगबोपण बिनअंगठ्याचा, तीन बोटांनीच ओढतात. कळवण कुठे आणि इंग्लंड कुठे. त्यांनी मला बांबू कधी तोडायचा ते शिकवलं, तीन वर्षांचा झालेला, पावसाळा सरून थंडी पडल्यावर, त्याआधी नाही.

हे ऐकूनही मी चूक केली. २०१६ ला एका ॲकॅडमीची ४० धनुष्यांची ऑर्डर आली, घाई होती, मी टोमॅटोच्या मांडवाला बांबू देतो त्या व्यापाऱ्याकडून गाडीभर माल उचलला. कोवळा होता, पावसाळ्यात तोडलेला. दिसायला झकास. दोन महिन्यांनी ॲकॅडमीतून फोन, की धनुष्याखाली पिठासारखा भुसा पडतोय. भुंगा लागला होता, कोवळ्या बांबूत साखर-स्टार्च भरलेला असतो आणि तोच तो खातो. चाळीसच्या चाळीस परत आणली, पैसे परत केले, बायकोच्या दोन बांगड्या गेल्या त्यात. व्यापाऱ्याला मी दोष दिला नाही, त्याने टोमॅटोसाठीच विकला होता. आता मानवेल जातीचा बांबूच घेतो, ओळखीच्या शेतकऱ्यांच्या बांधावरचा, बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात ठेवून मग सावलीत वर्षभर वाळवतो. २०१७ ला कायदा बदलला आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला, त्याने आमच्यासारख्यांचं वाहतुकीच्या पासाचं मोठं लचांड सुटलं.

आता लाँगबोकडे कसा वळलो ते. आपल्या साताऱ्याच्या आदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे २०२३ ला कंपाउंडमध्ये, म्हणजे कप्प्या लावलेल्या आधुनिक धनुष्यावर, वर्ल्ड चॅम्पियन झाले, तेव्हा सगळे म्हणाले आता कंपाउंड विका. कंपाउंड भारीच चीज आहे, कप्प्यांमुळे पूर्ण ओढल्यावर हातावर वीस-पंचवीस टक्केच वजन राहतं, नेम धरायला साइट असते, दोरी सोडायला रिलीज नावाचा खटका असतो. मला त्या खेळाडूंचा अभिमान आहे. पण माझा जीव लाँगबोवर जडलाय आणि त्याला कारण आहे.

लाँगबोवर काहीच नसतं. एक काठी, एक दोरी. ओढलं की ४५ पौंड म्हणजे ४५ पौंड बोटांवर, धरून बसता येत नाही, साइट नाही म्हणून डोळा ठेवायचा तो फक्त जिथे बाण जायचाय तिथे. बाण कंपाउंडच्या निम्म्याच वेगाने जातो. त्यामुळे लाँगबोवाल्या शिकाऱ्याला जनावराच्या वीस पावलांच्या आत जावंच लागतं, वारा बघून, पाऊल दाबून, तासन् तास बसून, आणि दहातल्या नऊ वेळा बाण न सोडता घरी यावं लागतं. अमेरिकेत हे पुन्हा सुरू झालं ते इशी नावाच्या माणसामुळे. 'याही' नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस, १९११ ला कॅलिफोर्नियात ओरोव्हिल गावाजवळ उपाशी अवस्थेत सापडला. सॅक्स्टन पोप हे त्याचे डॉक्टर, त्याच्याकडून धनुष्य शिकले. इशीचं धनुष्य आखूड होतं, पोप यांनी नंतर इंग्लिश पद्धतीची 'यू' नावाच्या झाडाच्या लाकडाची लांब धनुष्यं बनवली, पण जनावराजवळ कसं जायचं ती विद्या इशीची. १९१६ ला इशी क्षयाने गेला. हे वाचलं तेव्हा मला कळवणचे आजोबाच दिसले, खरं सांगतो. कारण तेही तेव्हा गेलेले होते, आणि कामटीची दोरी वळायला मी त्यांच्याकडून शिकलोच नव्हतो. विचारायचं राहून गेलं.

आमचा लाँगबो ६६ इंची. पाठीला (निशाण्याकडची बाजू) मानवेलची साल, पोटाला (आपल्याकडची बाजू) बांबूच्याच पट्ट्या, मुठीला पंचवटीतल्या पाडलेल्या वाड्यांचा जुना साग. इपॉक्सी लावून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधतो, क्लॅम्पपेक्षा दाब सगळीकडे सारखा बसतो. मग टिलरिंग, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत घासणं, आणि खरं धनुष्य तिथेच बनतं. भिंतीवर रेघा मारलेल्या आहेत, धनुष्य खुंटीवर ठेवायचं, दोरीला कप्पी आणि भंगारवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा, हळू ओढायचं आणि दोन्ही बाहू रेघांशी जुळवून बघायचे. जिथे जास्त वाकतंय तिथे हात लावायचा नाही, जिथे ताठ आहे तिथलं पोट मरफ्याने चार हात घासायचं, वीस वेळा ओढायचं, पुन्हा बघायचं. घासलेलं परत चिकटत नाही, एक हात जास्त पडला की ४५ चं ४२ होतं. एका धनुष्याला माझा पूर्ण दिवस जातो, आणि त्या दिवशी मी फोन उचलत नाही, तेवढं समजून घ्या. शेवटी दोरी चढवून मूठ ठेवायची आणि अंगठा उभा करायचा, दोरी अंगठ्याच्या टोकाला लागली की दोरीची उंची बरोबर.

पहिली परदेशी ऑर्डर आली तेव्हा प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपात घालून पाठवलं होतं, अजूनही तसंच पाठवतो, एकही मोडलेलं नाही. त्या गिऱ्हाईकाने हिवाळ्यात कळवलं की अठरा दिवस रानात बसला, हरीण एकदाच टप्प्यात आलं, पण मध्ये फांदी होती म्हणून त्याने बाण सोडला नाही. तो मेसेज मी जपून ठेवलाय. पुढे त्यानेच शिकारीच्या बाणाची धारदार पातीपण बनवता का विचारलं. पैसे चांगले होते. घरी बोलणं निघालं, आम्ही राहतो पंचवटीत, सीतागुंफेपासून चालत दहा मिनिटं, आई म्हणाली, "धनुष्य घेऊन हरणामागं गेल्यावर काय झालं ते आपल्या पंचवटीला कुणी सांगायला हवं का?" पाती बनवायची नाहीत हे त्या दिवशी ठरलं. धनुष्य देतो, बोथट टोकाचे लाकडी बाण देतो, पातं नाही.

मग शिकारीची ती मजा इथे कशी घ्यायची? आम्ही दिंडोरी रोडला ओळखीच्या एका पेरूच्या बागेत थ्रीडी रेंज केलीय. फोमची जनावरं झाडांत लपवलेली, अंतर सांगत नाही, चालत जायचं, दिसलं की थांबायचं आणि एकच बाण. वर्ल्ड आर्चरीच्या थ्रीडी स्पर्धेतपण लाँगबोचा वेगळा गट असतो, लाकडी बाण आणि खऱ्या पिसांचा. रविवारी सकाळी पंधरा-वीस जण येतात, बँकेतले आहेत, एक आजींची जोडी आहे, दोघी साठीच्या पुढच्या, तीस पौंडाचा बो घेऊन येतात आणि फोमच्या रानडुकराजवळ गुडघ्यावर बसून नेम धरतात.

मुलगा आता माझ्यासोबतच आहे, बाण तो करतो, पिसं चिकटवणं त्याचं माझ्यापेक्षा चांगलं आहे. दसऱ्याला मरफा, रंधा आणि त्याचं ते पहिलं चिरलेलं धनुष्य पूजेला मांडतो. मागच्या महिन्यात आजोबांच्या नातवाचा फोन आला, त्याच्या गावात एक म्हाताऱ्या काकू आहेत, त्यांना कामटीची दोरी वळता येते म्हणे. येत्या सोमवारी शेड बंद राहील, आम्ही दोघं कळवणला चाललोय.