डरहम कॅथीड्रल, संध्याकाळचे साडेपाच

दारात पोचले आणि सवयीने बूट काढायला वाकले. नोव्हेंबरचा गारठा, भिजलेल्या नाड्या, त्या काही केल्या सुटेनात. काळा झगा घातलेल्या काकांनी हसून हातानेच सांगितलं, राहू दे. मग माझ्यासोबतच्या मित्राच्या कानटोपीकडे बोट केलं: ती मात्र काढ. गुरुद्वारात डोकं झाकतात, म्हणून तो बिचारा मुद्दाम घालून आला होता.

मास्टर्ससाठी इंग्लंडमधल्या डरहमला आले तेव्हा कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, माझ्यासाठी लायब्ररीशेजारची मोठी इमारत होती, एवढंच. तिचं बांधकाम १०९३ साली सुरू झालं. आतले दगडी खांब चौघांच्या कवेत मावणार नाहीत इतके जाड, आणि जोडीगणिक नक्षी वेगळी. कुठे नागमोडी रेघा, कुठे चक्क शंकरपाळ्या.

मागच्या बाजूला जमिनीत काळ्या दगडाची एक पट्टी आहे, तीवरून लोक न बघता चालत जातात. इथे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठ होता तेव्हा बायकांना त्या पट्टीच्या पुढे जायला बंदी होती. मी नगर जिल्ह्यातली. शिंगणापूरचा चौथरा २०१६ साली बायकांना खुला झाला तेव्हा मी नववीत होते, आणि घरात त्यावरून झालेलं भांडण अजून आठवतं. पट्टीपाशी जरा थांबले, मग ओलांडली.

संध्याकाळच्या प्रार्थनेला इव्हनसाँग म्हणतात. पाऊणएक तास चालते, तिकीट नाही. पंधरा मिनिटं आधी जा आणि गायकमंडळाजवळ बसता येईल का विचारा. जागा असली तर तिकडच्या जुन्या लाकडी बाकांवर बसवतात. खरी मजा तिथेच. गाणारे दोन बाजूंना समोरासमोर असतात. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं एक कडवं या बाजूने, पुढचं त्या बाजूने. आमच्या गावी हरिपाठाला दोन रांगा अशाच एकमेकींना उत्तर देतात, त्यामुळे पाचव्या मिनिटाला माझा पाय ठेका धरायला लागला. पण इथे टाळ नाही, टाळी नाही, बहुतेक जण गातही नाहीत. ऐकणं हाच भाग घेणं. मला हे पहिल्या दिवशी कोरडं वाटलं. तिसऱ्या खेपेला शेवटचा सूर वर छताखाली रेंगाळताना ऐकला आणि मत बदललं.

कधी उठायचं, कधी बसायचं ते पुढच्या माणसाकडे बघून करा. मी सगळ्यात पुढे बसले होते, त्यामुळे विश्वासाची कबुली, म्हणजे आपली श्रद्धा कशावर आहे ते सांगणाऱ्या ओळी, म्हणताना सगळे पूर्वेकडे वळले आणि मी एकटी समोरच्या आजींकडे बघत उभी. शाळेच्या सुट्ट्यांत तिथलं नेहमीचं मंडळ नसतं, वेळाही बदलतात, म्हणून निघण्याआधी वेबसाइट बघा. प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका.

रविवारी सकाळची उपासना वेगळी. तिथे भाकर आणि द्राक्षारस देतात, आणि आपली मंडळी नेमकी इथेच चुकतात. तो प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठीच, म्हणजे पाण्याच्या विधीने ख्रिस्ती झालेल्यांसाठीच असतो. मी उजव्या हाताखाली डावा धरून रांगेत उभी राहिले होते! मागच्या बाईंनी कानात सांगितलं, हात छातीवर फुलीसारखे ठेव, नुसता आशीर्वाद मिळेल. तसंच झालं. जागेवर बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही.

घरी फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली, अगं, आपल्या गल्लीच्या टोकाला चर्च आहे, तिथे कधी गेली नाहीस. खरंच नव्हते गेले. नाताळात शेजारच्या मावशी करंज्या पाठवायच्या, तेवढाच संबंध.

परतताना उतारावरचे दगडगोटे पावसात फार निसरडे होतात. चांगल्या तळव्याचे बूट घाला, ते काढायचे नाहीतच.