वॉरंटच्या आधी

क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध घेणाऱ्या माणसाच्या गोळ्या 48 तासांहून जास्त चुकल्या, की नेहमीचा डोस परत सुरू करता येत नाही. रोज 400 मिलिग्रॅम घेणाऱ्यालाही 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढत जावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. म्हणून मी प्रत्येक पेशंटला बजावते: चुकल्या तर मनाने सुरू करू नका, आम्हाला फोन करा. अंकलनी यातलं पहिलं तंतोतंत पाळलं. फोन मात्र केला नाही.

मी दक्षिण लंडनमध्ये कम्युनिटी मेंटल हेल्थ नर्स आहे. नर्सिंग मिरजेत शिकले, मानसिक आजारांचं काम इथे. अंकल (ब्रिक्स्टनच्या त्या गल्लीत त्यांना सगळे असंच म्हणतात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) साठीचे, जमैकन आईवडिलांचे, स्किझोफ्रेनियाचे जुने पेशंट. 2023 च्या उन्हाळ्यात ते महिन्याच्या रक्ततपासणीला आले नाहीत. या औषधाने पांढऱ्या पेशी जिवावर बेतेल इतक्या घटू शकतात, त्यामुळे रिपोर्ट नाही तर गोळ्याही नाहीत. फोन बंद. दारातल्या टपालाच्या फटीतून हाक मारली, तर आतून "जा इथून" एवढंच आलं. रात्री ओरडतात, अशी शेजारणीची तक्रार आली.

शुक्रवारी सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांचं नाव फळ्यावर लाल रकान्यात गेलं. तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, त्यांना कधी भेटलेही नव्हते. त्यांनी फाइल उघडली, 'हिंसक वर्तनाचा इतिहास' वाचला आणि म्हणाले, कलम 135. म्हणजे मानसिक आरोग्य कायद्याखाली मॅजिस्ट्रेटचं वॉरंट, डॉक्टर, एएमएचपी (सक्तीने दाखल करण्याची कारवाई करणारे प्रशिक्षित अधिकारी), आणि सोबत पोलीस, गरज पडली तर दार तोडून. ती 'हिंसा' 1980 च्या दशकातली. विशीतल्या पोराला पोलीस व्हॅनमध्ये कोंबत होते, तेव्हा त्याने हातपाय झाडले होते. 40 वर्षं ते वाक्य एका फाइलमधून दुसरीत उतरवलं गेलंय. व्हॅनचा उल्लेख वाटेतच कुठेतरी गळला. जुन्या नोंदी न तपासता पुढे ढकलणाऱ्या आमच्या लोकांचा मला मनापासून राग येतो.

इंग्लंडमध्ये मार्च 2023 ला संपलेल्या वर्षात मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने दाखल करण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांमध्ये दर लाखामागे सुमारे 228 होतं, गोऱ्यांमध्ये 64. पण अंकलच्या पिढीला भीती वाटायला आकडे लागत नाहीत. ओलासेनी लुइस हे नाव त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. 23 वर्षांचा मुलगा, 2010 मध्ये स्वतःहून रुग्णालयात आला आणि पोलिसांनी जमिनीवर दाबून धरल्यामुळे गेला. मानसिक रुग्णालयांतल्या बळाच्या वापरावर 2018 मध्ये जो कायदा आला, तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

मी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. अंकलच्या क्रायसिस प्लॅनमध्ये (तब्येत बिघडली तर काय करायचं, ते आधीच लिहून ठेवलेल्या कागदात) 'कोणाशी बोललेलं चालेल' या ओळीत त्यांनी स्वतः आपल्या सलूनवाल्याचं नाव लिहिलं होतं. म्हणून मी त्याच्याकडे जाऊ शकले.

शुक्रवारची दुपार, सगळ्या खुर्च्या भरलेल्या. ओळखपत्र पिशवीत टाकून मी बाकावर बसले. अशा ठिकाणी आल्याआल्या प्रश्न विचारायचे नसतात. हातातलं गिऱ्हाईक संपवून तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. त्याला आठवड्यापासून माहीत होतं. "मागच्या वेळी मशीन लावू दिली नाही. म्हणाले, त्या आवाजात कोणीतरी बोलतंय, कात्रीनेच कर." अंकलचा भाऊ बर्मिंगहॅमला वारला होता. जमैकन लोकांत मृत्यूनंतर रात्री जमतात, खाणं, रम, डॉमिनो, भजनं, आणि नवव्या रात्री मृताला निरोप देतात. अंकल 'नाइन नाइट' पुरी करून परतले, गोळ्या लंडनलाच राहिल्या होत्या. 48 तास कधीच उलटले होते. अंकल त्याला म्हणाले होते, "नर्स म्हणाली मनाने सुरू करू नको. तिला सांगितलं तर आत टाकतील." मग ते दार लावून बसले.

तू आम्हाला का नाही कळवलंस, मी विचारलं.

"तुम्हाला कळवलं की पोलीस येतात."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळची मीटिंग मी ऐकूनच आले होते.

त्याने थांबलेल्या गिऱ्हाइकांची माफी मागितली आणि शुक्रवारी भर धंद्याच्या वेळी दुकान बंद केलं. चर्चमधल्या एका वृद्ध बाईंना फोन केला. सगळे त्यांना मदर म्हणतात. त्या मक्याच्या पिठाची गरम पेज डब्यात घेऊन आल्या. मी जिन्यात खालीच थांबले. मदरनी दार वाजवलं, औषधाचं नाव काढलं नाही, भावाचं नाव घेतलं. खूप वेळाने दार उघडलं. आत त्या दोघांनी प्रार्थना केली, रडले, पेज खाल्ली. माझा फोन सारखा थरथरत होता, टीमला निर्णय हवा होता. मी एवढंच कळवलं: दार उघडलंय, वॉरंट थांबवा.

सलूनवाल्याच्या गाडीतून आम्ही क्लिनिकला गेलो. बोटातून थेंब घेतला, काही मिनिटांत आकडा आला: न्यूट्रोफिल, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, 1.7. ज्युनियर डॉक्टर म्हणाले, 2 च्या खाली आहे, सुरू करता येणार नाही, दाखल करावं लागेल. इथे आमच्या फार्मसिस्टबाईंनी सगळं सावरलं. आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाच्या अनेक निरोगी माणसांचे न्यूट्रोफिल जन्मतःच कमी असतात, त्यात आजार काही नसतो. तशी नोंदणी असेल तर तेव्हा सुरू करण्याची मर्यादा 2 नाही, 1.5 होती. अंकलची नोंदणी होती, कारण काही वर्षांपूर्वी याच बाईंनी ती आग्रहाने करून घेतली होती. ती नसती तर मदर, पेज, बंद ठेवलेलं दुकान, सगळं फुकट जाऊन अंकल त्याच रात्री वॉर्डात गेले असते. वंशभेद कधी असा तक्त्यातल्या एका ओळीत बसलेला असतो. हे शिकायला मला कोणत्याही कार्यशाळेचा उपयोग झाला नाही, या बाईंचा झाला.

दुसऱ्या दिवशी होम ट्रीटमेंट टीमने घरीच 12.5 मिलिग्रॅम दिलं. सहा तास दर तासाला रक्तदाब, नाडी, ताप. मदर शेजारी बसून होत्या. अंकल दाखल झाले नाहीत. पुढच्या आठवड्यांत डोस चढत गेला आणि ते महिन्याभराच्या आतच सलूनमध्ये डॉमिनो खेळायला यायला लागले.

मॅनेजर खूश झाल्या. सलूनवाल्याचा नंबर सिस्टीममध्ये घालू, अशाच इतर पेशंटसाठीही त्याला 'कम्युनिटी पार्टनर' करू, म्हणाल्या. मी विचारायला गेले. त्याने स्पष्ट नाही म्हटलं. "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये माझं नाव आलं की माझी खुर्ची म्हणजे तुमचीच खुर्ची. मग लोक माझ्याशी बोलतील का?"

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही. तो म्हणतो ते खरं आहे: आम्ही तिथे नसतो म्हणूनच लोक तिथे बोलतात. आणि हेही खरं की मी नोकरी बदलली तर पुढच्या नर्सला ते दुकान माहीतच नसेल आणि पुढचा अंकल वॉरंटवर जाईल. अंकलनी स्वतःच्या प्लॅनमध्ये नाव दिलं, तेवढं मला योग्य वाटतं, कारण ते त्यांनी दिलंय. दुसऱ्या कोणासाठी ते नाव वापरणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला मी मीटिंगमध्ये विरोध केला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनएचएस इंग्लंडची (सरकारी आरोग्यसेवेची) वंशसमानतेची चौकट आली, पीसीआरईएफ. मानसिक आरोग्याची सेवा चालवणाऱ्या प्रत्येक ट्रस्टने (सरकारी संस्थेने) वांशिक अल्पसंख्याक समाजांना सोबत घेऊन काम बदलायचं, हे त्यात बंधनकारक आहे. मी तिचाच आधार घेऊन त्या शुक्रवारच्या बुडालेल्या धंद्याचे पैसे मागितले. उत्तर आलं की त्यासाठी आधी त्याला नोंदणी करावी लागेल, प्रशिक्षण घ्यावं लागेल, पोलिसांकडच्या नोंदींची पार्श्वभूमी तपासणी करावी लागेल. पोलिसांच्या भीतीपासून एका माणसाला वाचवणाऱ्याला आम्ही पोलीस तपासणीचा फॉर्म देत होतो. मी तो त्याच्याकडे नेला नाही. पैशांची मागणी मात्र मी सोडलेली नाही.