तुम्ही विचारलंत म्हणून: रॉबर्ट्सची बुटकी माणसं

"मॅडम, डेव्हिड रॉबर्ट्सची कैरोची चित्रं म्हणजे साहेबाची नाटकी नजर, असं तुम्हीच शिकवलंत. मग आता तुमच्याच भिंतीवर तो कसा?" घरी येणारे जुने विद्यार्थी हे विचारतात आणि मी चहा टाकायला आत जाते. आता एकदाच सांगून टाकते.

शिकवलं ते खोटं नव्हतं. रॉबर्ट्स हा स्कॉटिश चित्रकार, मुळात नाटकांचे पडदे रंगवणारा. १८३८-३९ मध्ये तो कैरोत होता. इमारत डोंगराएवढी वाटावी म्हणून पायथ्याशी माणसं बुटकी काढायची, ही पडदेवाल्यांची युक्ती त्याच्या चित्रांत जागोजाग सापडते. शिवाय पुस्तकांतून आपण बघतो ती बहुतेक त्याची जलरंगचित्रं नव्हेतच, त्यांवरून लुई हागने केलेले शिळाछाप, म्हणजे दगडावरून काढलेले छापे, आहेत. मूळ चित्रात रंगाखालून पेन्सिलीची रेघ दिसते, पागोट्यावर दाट पांढऱ्याचा एकच ठिपका उठून येतो. छाप्यात ती हाताची घाई उरत नाही. हे मी वर्षानुवर्षं शिकवलं, आजही शिकवीन.

पण विजापूरच्या सहलीचं मी कधी बोलले नाही.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सकाळपासून गोलघुमटासमोर बसून होती. चित्र चांगलं उतरलं होतं. आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, एका दमात दिलेला, घुमटाची सावली तर मलाही जमली नसती अशी. खाली माणसं मात्र मोहरीएवढी. मी लाल पेन्सिल घेतली, त्या माणसांभोवती गोल काढला आणि कागद सगळ्या वर्गासमोर धरला. "ही बघा रॉबर्ट्सची नक्कल." ती म्हणाली, "मॅडम, मला तशीच दिसली." मी म्हणाले, "दिसली नाहीत. तू प्रिंटमध्ये पाहिलीस, तीच हातातून आली."

तिने कागद घेतला आणि घडी घातली. जलरंगाच्या कागदाची कुणी घडी घालत नाही. रंग अजून पुरता वाळलाही नव्हता. मी बघत होते आणि तिला थांबवलं नाही. पुढच्या वर्षी तिने पेंटिंग सोडून दुसरी शाखा घेतली. त्याला माझी लाल पेन्सिलच कारण होती असं मी म्हणणार नाही, पण नव्हती असंही म्हणवत नाही.

सहा वर्षांनी मी कैरोला गेले. सुलतान हसन मशिदीचा दरवाजा सुमारे ३८ मीटर उंच आहे. समोरची रिफाई मशीद १९१२ मध्ये पूर्ण झाली, म्हणजे रॉबर्ट्सच्या वेळी ती नव्हतीच. मी त्या रिफाईच्या भिंतीला टेकून बसले. हात लांब करून पेन्सिलीने माप घेतलं, पायरीवरच्या माणसाच्या बावीसपट दरवाजा. तो आकडा कडेला लिहून ठेवला आणि तीन तास रंगवलं. रात्री खोलीवर पट्टी लावली. माझ्या चित्रात दरवाजा माणसाच्या एकतीसपट होता.

मी मुद्दाम केलं नव्हतं. कमानीवरची मुकर्नसं, ती एकीखाली एक लोंबणारी कोनाड्यांची रांग, काढताना मान वरच राहते. इमारत कागद खाऊन टाकते आणि माणसांसाठी खाली तीन बोटं जागा उरते. त्यात मावतील एवढीच माणसं येतात.

मग रॉबर्ट्स सुटला का? माझ्यातली जुनी मास्तरीण म्हणते, तुझं एका सकाळचं चुकलं, त्याने तर जन्मभर तेच केलं आणि विकलंही. मी तिला सांगते, मशिदीत शिरायला मिळावं म्हणून त्याने तुर्की पोशाख घातला, डुकराच्या केसांचे ब्रश वापरायचे नाहीत ही अट पाळली आणि गर्दीत बसून काढलं. नुसता देखावाच हवा असलेला माणूस एवढं करतो का? ती म्हणते, करतो, देखाव्यासाठीच तर करतो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

म्हणून प्रिंट भिंतीवर आहे आणि तिच्या शेजारी माझं चित्र. कडेला दोन आकडे आहेत, २२ आणि ३१.

त्या मुलीचा नंबर मला कुणीतरी मागेच दिला. अजून लावलेला नाही. काय बोलायचं तेच ठरत नाही, कारण तिची माणसं खरंच बुटकी होती.